खोडलेल्या उत्तराखालची टिंबं

दीर्घा छापखान्यात पहिल्यांदा आली तेव्हा नेमकं काय घडलं याबद्दल मतभेद आहेत. मशीनवरचे काका सांगतात, ती दारात उभी राहिली आणि दोन टनांचं यंत्र आपोआप थांबलं, शाईचा डबा लवंडला, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं ते आजतागायत बंदच आहे, आणि मालकांच्या हातातला चहा हातातच गार झाला. मालक म्हणतात, घड्याळ आधीपासूनच बंद होतं. बाकीचं त्यांनाही मान्य आहे.

प्रत्यक्षात एकोणीस वर्षांची, वरच्या कडीपर्यंत हात न पोचणारी एक मुलगी शंभर कार्डांचा गठ्ठा घेऊन आत आली होती. तिचे वडील शिंपी. त्यांच्या दुकानाची कार्डं आदल्या दिवशीच इथून छापून गेली होती.

"ही परत घ्या," ती म्हणाली.

"का? शाई पुसली गेली?"

"यात छापलंय, 'आमच्याकडे उत्तम सुत वापरले जाते.'"

"मग? तुझे वडील वापरत नाहीत?"

"सूत वापरतात. दीर्घ. ऱ्हस्व सुत म्हणजे मुलगा. आमच्या बाबांना सुत नाही, मी एकटीच आहे. आणि मला वापरायला काढलेलं मला चालणार नाही."

मालकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कार्ड वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शेवटी हार मानायची नाही म्हणून त्यांनी टेबलावरचा एक अहवाल तिच्यासमोर सरकवला. "एवढी हुशार आहेस तर यात काढ चुका." तिने संध्याकाळपर्यंत सतरा काढल्या. अठरावी जाता जाता काढली, ती छापखान्याच्या पाटीवरची होती. तिथे 'मुद्रणालय' या शब्दातला एक काना गेली बावीस वर्षं बेपत्ता होता आणि त्याची तक्रार कुणीही नोंदवली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती तिथे मुद्रितशोधक झाली. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव काकांनी पहिल्याच आठवड्यात मोडीत काढलं. उंचीने ऱ्हस्व आणि हट्टाने दीर्घ, म्हणून 'दीर्घा'. पुढे तिचे वडीलसुद्धा फोन करून विचारायला लागले, "दीर्घा निघाली का हो?"

मुद्रितशोधकाचं काम म्हणजे लोकांच्या चुका काढण्याबद्दल पगार मिळवायचा. घरोघरी हे काम फुकटात चालतं, त्यामुळे दीर्घाच्या नातेवाइकांना तिच्या नोकरीचा फार हेवा वाटायचा. तिची बसायची जागा म्हणजे कागदाच्या रिमांमागचा एक कोपरा. एक टेबल, एक दिवा, लाल पेन आणि एक लाकडी पट्टी. पट्टी ओळीखाली ठेवायची आणि एकेक शब्द बोटाने दाबून पाहायचा. खोडायचं तर शब्दावर आडवी रेघ. आणि खोडल्यावर वाटलं की नको, होतं तेच बरोबर होतं, तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात गोल करून लिहायचं, 'राहू द्या'. खाली टिंबं दिसली की छापणारा समजतो, रेघ गेली, शब्द राहिला. छापखान्यातल्या कुणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. बाहेरच्या कुणालाही जागेपणी सांगूनसुद्धा समजत नाही.

याच टिंबांनी तिला महाविद्यालयात नेलं. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका विद्वान गृहस्थांचं जाडजूड पुस्तक छपाईला आलं. दीर्घाने त्यात दोनशे बारा चुका काढल्या. गृहस्थ स्वतः आले, खुर्चीत बसले, आणि नम्रपणे विचारते झाले, "बाई, आपलं शिक्षण?"

"बारावी."

"अच्छा," गृहस्थ म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिने खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली टिंबं द्यायला सुरुवात केली. राहू द्या. राहू द्या. राहू द्या. दोनशे बारा वेळा. टिंबांची ही खूण त्यांना पाच मिनिटांपूर्वी दीर्घानेच शिकवली होती. पुस्तक दोनशे बारा चुकांसह छापलं गेलं आणि तिसऱ्या पानावर 'मुद्रण निर्दोष केल्याबद्दल' छापखान्याचे आभार होते.

त्या दिवशी ती घरी गेली आणि मशीनवर पाय मारत बसलेल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, मी पदवी घेणार."

"कुणाकडून?" बाबांनी तोंडातली टाचणी न काढता विचारलं.

"परीक्षा देऊन घेणार."

"मग घे की. मला वाटलं, शिवून पाहिजे."

तिने सकाळच्या वर्गांना नाव घातलं. सात ते दहा महाविद्यालय, साडेदहा ते साडेसहा छापखाना. पदवी तीन वर्षांची, पण जास्तीत जास्त पाच वर्षांत संपवायची. नाही संपली तर आधीचे सगळे विषय पाण्यात आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात, असा नियम होता. दीर्घाला पाच वर्षं म्हणजे चैन वाटली. तिला हे माहीत नव्हतं की शाळांची पुस्तकं छापायचा हंगाम आणि महाविद्यालयाच्या परीक्षा हे दोघे सख्ख्या भावांसारखे हातात हात घालून येतात. पहिल्या वर्षी तिने कशीबशी परीक्षा दिली. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, तिसऱ्या वर्षी मालकांनी हात जोडले म्हणून अख्खी परीक्षाच राहिली.

त्यातून एक वेगळीच अडचण होती. तिला पुस्तक वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षर न् अक्षर दिसायचं, पण अर्थ डोक्यात शिरायचा नाही. इतिहासाचं पाठ्यपुस्तक तिने महिनाभर वाचलं. त्यातल्या एकशे चार चुकांची यादी करून प्रकाशकाला टपालाने पाठवली, आणि कोणता राजा कुणाशी लढला असं विचारल्यावर तिला एवढंच आठवलं, की पान एकेचाळीसवर 'युद्ध' चुकलंय.

तोडगा काकांनी काढला. छापखान्यात मोठं काम असलं की एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि मुद्रितशोधक छापलेलं ताडून पाहतो. मोठ्याने वाचताना विरामचिन्हंही बोलायची, अशी रीत. दुपारच्या सुट्टीत काका डबा सोडून तिच्यासमोर बसले. एका हातात भाजी-भाकरी, दुसऱ्या हातात इतिहास.

"डोळे मीट. नाही तर चुका काढत बसशील."

"मिटले."

"राजाने मंत्र्याचे ऐकले नाही पूर्णविराम. सैन्याला पगार नव्हता स्वल्पविराम, धान्य नव्हते स्वल्पविराम, आणि अवतरणचिन्ह सुरू, आता काय करायचे, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह बंद, असे सेनापती म्हणाला पूर्णविराम."

"पुढे?"

"पुढे सगळे मेले. परिच्छेद संपला."

दीर्घाच्या डोक्यात हे असं पक्कं बसलं, की वर्गात प्राध्यापकांनी उभं करून विचारल्यावर ती म्हणाली, "सर, साम्राज्य कोसळलं त्याची तीन कारणं, अपूर्णविराम," आणि अख्खा वर्ग बाकांवर कोसळला. पण तीनही कारणं बरोबर होती. काकांचाही फायदा झाला. दोन वर्षांत त्यांना इतकी साम्राज्यं कोसळलेली माहीत झाली, की मालक कधी आवाज चढवून बोलले तर ते कणवेने त्यांच्याकडे बघायचे.

चौथ्या वर्षी मागचं सगळं निघालं. पाचव्या वर्षी एकेक करत सगळे विषय दिले आणि इतिहासाची शेवटची उत्तरपत्रिका तेवढी राहिली. त्या सकाळी मालकांनी तिला सुट्टी दिली आणि वर नवं पेनही दिलं. "लाल नाही ना, बघून घे," ते म्हणाले.

सातपैकी पाच प्रश्न सोडवायचे होते. दीर्घाने सोडवले. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा तिने सवयीने पहिल्यापासून उत्तरं तपासायला घेतली. आपण सहा प्रश्न सोडवलेत, एक जास्तीचा झालाय, अशी तिची समजूत झाली. जास्तीचा म्हणून तिने साम्राज्याच्या ऱ्हासाचं अडीच पानांचं उत्तर ओळीओळीवर आडव्या रेघा मारून खोडलं. मग पुन्हा मोजलं. पाचच होते. एका उत्तराचे दोन भाग तिने दोन धरले होते.

घंटेला तीन मिनिटं होती. अडीच पानं पुन्हा लिहिणं अशक्य. तेव्हा तिच्या हाताने, तिला न विचारता, अकरा वर्षं जे केलं होतं तेच केलं. खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली टिंबं दिली आणि समासात गोल करून लिहिलं, 'राहू द्या'. घंटा झाली. दीर्घा निश्चिंत मनाने छापखान्यात आली आणि कामाला लागली.

निकाल लागला. इतिहास : एकतीस. पासाला पस्तीस.

परीक्षा विभागाच्या खिडकीत एक कारकून बसायचे. त्यांनी उत्तरपत्रिका काढून दाखवली. अडीच पानांवर शून्य होतं. बाजूला परीक्षकाने शेरा मारला होता : 'उमेदवाराने उत्तर खोडले आहे. पेन गळत असावे.'

"ती टिंबं आहेत," दीर्घा म्हणाली. "म्हणजे खोडलेलं परत घेतलंय."

"असं कुठे असतं का? खोडलं म्हणजे खोडलं."

"छापखान्यात असतं."

"मग छापखान्याकडून पदवी घ्या." कारकुनांनी खिडकीवर बोट वाजवलं. "नियम सत्तावीस. पुस्तिका वाचा. तक्रार असेल तर अर्ज करा, सुनावणी मिळेल. पण पाच वर्षं झालीत तुमची, हे लक्षात ठेवा. सुनावणीत हरलात तर पुन्हा पहिलं वर्ष."

दीर्घाने अर्ज तिथेच लिहिला. कारकून म्हणाले, "विचार करून आणा की उद्या." ती म्हणाली, "विचार पाच वर्षांपूर्वी केलाय."

नियमांची पुस्तिका तिला शोधावी लागली नाही. ती चार वर्षांपूर्वी त्यांच्याच छापखान्यात छापली होती आणि तपासली होती तिनेच. नियम सत्तावीस असा होता : 'खोडलेला व रद्द केलेला मजकूर तपासला जाणार नाही.'

तिने ते तीनदा वाचलं आणि काकांना हाक मारली. "काका! 'व' आहे! खोडलेला 'व' रद्द केलेला. म्हणजे दोन्ही पाहिजे. मी खोडलं, पण टिंबं देऊन परत घेतलं. रद्द कुठे केलं?"

काकांनी मशीन बंद केलं. "म्हणजे तू जिंकलीस?"

"नियमाने जिंकले."

"मग हे तोंड असं का?"

दीर्घाचं तोंड असं होतं, कारण तिला तो 'व' खटकत होता. असे नियम लिहिणारे 'व' लिहीत नाहीत, ते 'वा' लिहितात. खोडलेला वा रद्द केलेला, म्हणजे दोन्हींपैकी कुठलाही. आता मालकांची एक सवय अशी, की ते मूळ प्रत कधी टाकत नाहीत. गिऱ्हाईक भांडायला आलं की प्रत काढायची आणि चूक कुणाची ते दाखवायचं. माळ्यावर असे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. दीर्घा शिडी लावून वर चढली आणि तासाभराने धुळीने पांढरी होऊन खाली उतरली. हातात पुस्तिकेची हस्तलिखित प्रत होती. नियम सत्तावीसमध्ये, ठसठशीत अक्षरात, 'वा' होता.

काना तिच्याकडून सुटला होता. तो आठवडाही तिला आठवला, तिच्या पहिल्या परीक्षेचा.

"गठ्ठा वर ठेव," काका म्हणाले. "कुणी बघायला येणार नाही."

"मी बघितलं ना."

"दीर्घे, एका कान्यासाठी पाच वर्षं घालवणार? अगं, आमच्या पाटीवरचा काना बावीस वर्षं नव्हता, कोण मेलं?"

"काका, त्या पुस्तकवाल्याने माझ्या दोनशे बारा दुरुस्त्या मोडल्या, तेव्हा मी का चिडले? चूक आहे हे कळूनही त्याने ती राहू दिली म्हणून. आता मी तेच करू?"

काकांनी मशीन पुन्हा सुरू केलं. मालकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या छापखान्याची चूक चव्हाट्यावर मांडायला तुला भरपगारी सुट्टी पाहिजे?" आणि मग, "जा. पण प्रत परत आण, आपली आहे ती."

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि टेबलापलीकडे दोघेजण : परीक्षा नियंत्रक आणि इतिहासाचे परीक्षक. दीर्घाला दिलेली खुर्ची इतकी बुटकी होती, की टेबलावर तिची फक्त हनुवटी दिसत होती. ती उभीच राहिली. उभी राहिल्यावरही फारसा फरक पडला नाही.

तिने टिंबांचा अर्थ सांगितला. मग पुस्तिका उघडून 'व' दाखवला. नियंत्रकांनी ओळ वाचली, चष्मा वर केला, पुन्हा वाचली.

"'व' आहे खरा," ते नाखुशीने परीक्षकांना म्हणाले. "दोन्ही अटी पाहिजेत. मग हिचं उत्तर तपासायला हवं."

"थांबा, साहेब," दीर्घा म्हणाली. "तो 'व' चुकीचा आहे."

"काय?"

"मूळ प्रतीत 'वा' आहे. पुस्तिका मी तपासली होती. काना माझ्याकडून राहिला." तिने हस्तलिखित पुढे सरकवलं. "मला माझ्या उत्तराचे गुण पाहिजेत. माझ्या चुकीचे नकोत."

परीक्षक खुर्चीत पुढे झाले. नियंत्रकांनी आयुष्यात अनेक उमेदवार पाहिले होते. रडणारे, ओरडणारे, मामा कोण आहेत ते सांगणारे. जिंकल्यावर परत हरायला निघालेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"बाई, मग तर मुद्दाच संपला," ते म्हणाले. "खोडलेला वा रद्द केलेला. तुमचा खोडलेला आहे. मी काय करू सांगा?" आणि प्रत मिटण्यासाठी ते पानं उलटू लागले.

मुद्रितशोधकाला उलटं वाचायची सवय असते. मालक टेबलापलीकडे बसून काय लिहितायत, हे दीर्घा अकरा वर्षं उलटंच वाचत आली होती.

"साहेब, ते पान जरा धरा."

"कुठलं?"

"आत्ता उलटलंत ते. नियम नऊ."

नियम नऊ म्हणजे तोच, पदवी पाच वर्षांत पूर्ण करण्याचा. हस्तलिखितात त्या ओळीवर हिरव्या शाईची आडवी रेघ होती. रेघेखाली हिरवी टिंबं होती. समासात हिरव्याच शाईत, गोल करून लिहिलं होतं : 'राहू द्या'.

नियंत्रकांच्या खिशाला हिरवं पेन होतं. त्यांनी नकळत त्यावर हात ठेवला.

"अक्षर आपलंच दिसतंय," दीर्घा म्हणाली. "आपण ओळ खोडलीत, मग परत घेतलीत. प्रत यायच्या आधी तुमचा माणूस चौकशीला आला होता, त्याला खुणांचा कागद आम्हीच दिला होता. टिंबं बघून आम्ही ओळ छापली. चार वर्षं हा नियम चालू आहे. आता टिंबांना अर्थ असेल, तर माझं उत्तर खोडलेलं नाही. आणि टिंबांना अर्थ नसेल, तर नियम नऊ खोडलेला आहे, पाच वर्षांची अट नाहीच. मी पुढच्या वर्षी हीच परीक्षा परत देते. कुठलंही चालेल मला. पण दोन्हीकडे टिंबांचा अर्थ एकच धरा."

परीक्षकांना हसू येत होतं आणि ते खोकल्यात दडवायचा त्यांचा प्रयत्न साफ फसला होता.

"पाच वर्षांची अट गेली तर," नियंत्रक हळूच म्हणाले, "किती उमेदवार परत येतील?"

"सोळाशे तरी," परीक्षक म्हणाले. "मागच्या वर्षी आपणच काढले ना."

नियंत्रकांनी उत्तरपत्रिका परीक्षकांकडे सरकवली. "तपासा. इथेच."

परीक्षकांनी लाल पेन काढलं. अडीच पानं वाचायला त्यांना वीस मिनिटं लागली, कारण शब्द रेघांच्या आडून डोकावत होते. दीर्घा उभीच होती. आतापर्यंत लाल पेन नेहमी तिच्या हातात असायचं. समोरच्याच्या हातातलं लाल पेन किती सावकाश चालतं, हे तिला त्या वीस मिनिटांत कळलं. एका जागी पेन थांबलं.

"इथे तुम्ही लिहिलंय, 'सेनापती म्हणाला पूर्णविराम'."

"चुकून राहिलं, सर."

"राहू द्या," परीक्षक म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

उत्तर सोळा गुणांचं होतं. त्यांनी शेवटच्या ओळीखाली रेघ मारली, कडेला आकडा लिहिला आणि पान फिरवून तिच्यासमोर धरलं.

सोळापैकी पाच. एकूण छत्तीस. दीर्घाला तिसऱ्या वर्गात पदवी मिळाली. पदवीदान समारंभ गुरुवारी होता आणि त्या दिवशी भूगोलाचं पुस्तक छपाईला होतं, त्यामुळे तिला जाता आलं नाही. प्रमाणपत्र टपालाने आलं.